आमरीला बांडगूळ म्हणायचं का?

मिरगकिडा:
गावच्या देवराईत झाडांना पाट्या लावायचं काम अंगावर घेतलंय. मजकूर इंग्रजीत आलाय, मराठी मी करतेय. एका जुन्या आंब्यावर सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलते, तिला मजकुरात एपिफाइट म्हटलंय, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या नुसत्या आधाराने वाढणारी. अपिवनस्पती लिहिलं तर पोरं वाचून पुढे निघून जातात. शाळेतले गुरुजी म्हणाले, साधं बांडगूळ लिहा की, झाडावर वाढतं ते बांडगूळ. पण माझी आजी आमरीला कधीच बांडगूळ म्हणायची नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

कोयती:
ताई, अजिबात लिहू नका. आमची देवगडकडे हापूसची बाग आहे, दर वर्षी बांडगूळ काढावं लागतं. जिथे ते बसतं तिथे फांदीला गाठ येते, ती चिरून बघा, आंबा कुठे संपला नि बांडगूळ कुठे सुरू झालं कळत नाही इतकं ते लाकडात शिरलेलं असतं. नुसतं वरून छाटलं तर परत फुटतं, म्हणून गाठीच्या खालून फांदीच तोडतो. आमरीची मुळं सालीला नुसती धरून असतात, पावसाचं पाणी नि सालीत अडकलेला पाचोळा यावर तिचं भागतं, झाडाचं ती काही खात नाही. पाहुणा आणि चोर यांना एकच नाव कसं द्यायचं?

सातारकर४७:
आमच्या पाटणकडे झाडावर जे उगवेल ते सगळं बांडगूळच. शेकडो माणसं रोज बोलतात ते चूक, आणि पुस्तकातलं एकट्याचं बरोबर? शब्द वापरणाऱ्याचा असतो.

पानगळ:
हा घोळ आजचा नाहीच. अमरकोशात, त्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा, जीवन्तिका ही नावं एका दमात दिलीत. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी. म्हणजे कोयती आणि सातारकर दोघंही एकाच ओळीत बसलेत. आणि बांडगुळातला बांड हा वन्दा, हिंदीतला बांदा, असाच आलेला असणार असं माझं पक्कं मत आहे.

कोयती:
मला नाही पटत. बांडा म्हणजे वेगळ्या रंगाचा, बांडा बैल म्हणतो ना, तसा. गर्द आंब्यात बांडगुळाचा झुपका लांबूनच निराळा दिसतो. वडील तेच सांगायचे.

पानगळ:
मग गूळ कुठला?

कोयती:
फळ चिरडून बघा की. बी भोवतीचा गर गुळाच्या पाकासारखा तार धरतो. फुलटोच्या ते फळ खातो, बी त्याच्या मागे चिकटून राहते, मग तो फांदीवर बूड घासतो आणि नवीन बांडगूळ तिथेच रुजतं. ही सगळी लागण त्या अंगठ्याएवढ्या पाखराची.

रानपाखरू:
चोर शब्द मला खटकला. बांडगुळाची पानं हिरवी असतात, साखर ते स्वतः बनवतं, झाडाकडून पाणी नि क्षार तेवढे घेतं, म्हणून अर्धपरजीवी. पेपरात आयतखाऊ पुढाऱ्याला बांडगूळ लिहितात तेव्हा मला त्या झाडाचंच वाईट वाटतं. हळदीकुंकू फुलपाखरू अंडी घालतं ती याच्याच पानांवर, शिंजीर पक्षी याच्या फुलांतला मध पितात. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन या शास्त्रज्ञांनी काही रानांतली बांडगुळं मुद्दाम काढून टाकली, तीन वर्षांनी पाहिलं तर पक्ष्यांच्या जाती साधारण एक पंचमांशाने कमी झाल्या होत्या. हा प्रयोग २०१२ साली छापून आला. याची पानं झाडाखाली सतत गळतात, त्यात किडे वाढतात आणि ते पक्षी खातात. एक झुडूप गेलं आणि जमिनीवरचं जेवणसुद्धा गेलं.

कोयती:
असेल, पण आमची फांदी वाळते ना हो. देवराईत राहू दे, बागेत ठेवणार नाही.

मिरगकिडा:
आणि पाटीचं? मला उद्या रंगवायला द्यायचीय.

पानगळ:
अपिवनस्पतीच लिहा. अपि हा ग्रीक एपिचा सख्खा भाऊ आहे, उगाच बनवलेला शब्द नाही.

सातारकर४७:
भाऊ असला तरी पोरांना कळणार नाही. झाडावरची आमरी लिहा, संपलं.

रानपाखरू:
चालेल. पण मग आकाशवेलीला काय म्हणणार? तिला तर पानंही नाहीत, सगळं दुसऱ्याचंच खाते, आणि तिला कुणी बांडगूळ म्हणत नाही.

सातारकर४७:
आमच्याकडे म्हणतात.