वाफेची यंत्रं आणि व्हॅम्पायरचं प्रेम: ही जोडी जमते का?

निशिगंध:
सध्या स्टीमपंक (वाफेच्या यंत्रांवर चालणारं कल्पित जग) व्हॅम्पायर प्रेमकथा वाचायचा सपाटा लावलाय. व्हिक्टोरियन काळ, वाफेवर उडणारी जहाजं, पितळी हात, आणि नायिकेचा जीव जडलेला एका व्हॅम्पायरवर. मला ही सरमिसळ का भिडते सांगते. यंत्र झिजतं, त्याला वंगण लागतं, किल्ली द्यावी लागते. माणसाचंही तसंच. व्हॅम्पायर मात्र झिजत नाही. नायिका घड्याळ उघडून बसलेली, बोटं तेलाने काळी, आणि समोर बसलेल्याच्या छातीत ठोकाच नाही हे तिला ठाऊक. नुसत्या व्हॅम्पायरकथेत हे घड्याळ इतकं बोललं नसतं. तुम्हाला काय वाटतं?

जुनी_वही:
असहमत. 'स्टीमपंक' हा शब्दच १९८७ चा, लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रातला. इंग्रजी कथेतला व्हॅम्पायर जॉन पॉलिडोरी या लेखकाच्या १८१९ च्या 'द व्हॅम्पायर' या गोष्टीपासूनचा. ही ओढूनताणून बांधलेली मोट आहे. पितळी चाकं काढून टाका, कथेचं काही अडत नाही. आणि अंगावर काटा आणणारी ती भीती कुठे गेली?

निशिगंध:
ओढूनताणून? ब्रॅम स्टोकरची १८९७ ची कादंबरी 'ड्रॅक्युला' पुन्हा उघडा. व्हॅम्पायर ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्यांपैकी डॉ. सेवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर, म्हणजे आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्रावर, बोलतो; त्यांच्यातलीच मीना ती टाइपरायटरवर उतरवते. पुढे ड्रॅक्युला हस्तलिखित जाळतो, फोनोग्राफच्या नळ्याही आगीत टाकतो, तरी तिजोरीतली दुसरी प्रत शाबूत राहते. यंत्र आणि व्हॅम्पायर तेव्हापासून समोरासमोर आहेत.

जुनी_वही:
समोरासमोर, गळ्यात गळा घालून नव्हे. तिथे यंत्र हे हत्यार होतं. तुमच्या कथांत त्याचा दागिना झालाय.

अबोली:
मीनाचा विषय निघालाच आहे तर पुढचंही सांगा. टाइप सगळं तिने केलं, आणि ड्रॅक्युलाला मारायची मोहीम ठरल्यावर पुरुषांनी तिलाच बाजूला ठेवलं, तिच्या भल्यासाठी म्हणून. नेमक्या त्याच दिवसांत ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोचला! माझा राग अजून गेलेला नाही. आता नायिकेच्या हातात पाना असतो आणि मोहीम तिची असते. मी या कथा त्यासाठीच वाचते.

चकवा:
माझा आक्षेप वेगळा. या कथांतला नायक दोनशे वर्षं जगलेला, नायिका विशीतली. तो रात्री न विचारता खोलीत येतो आणि लेखक त्याला ओढ म्हणतो. हातात पाना दिला म्हणून बरोबरी होत नाही.

निशिगंध:
चकवा, अंशतः सहमत. असले नायक असलेली पुस्तकं मीही अर्ध्यात सोडली आहेत. पण अशी कथा घ्या, जिथे ऊन अडवणारा, काळ्या काचांचा मुखवटा तिने घडवलाय आणि त्याशिवाय त्याला दिवसा बाहेर पडता येत नाही. पट्टा आवळायला ती मागे उभी राहते, तो मान खाली घालतो. आजवर त्याने दुसऱ्यांच्या माना पाहिल्या. आज त्याची तिच्या हातात आहे. जुनी_वही, यातून चाकं काढून दाखवा.

जुनी_वही:
नाही काढता येणार, कबूल. अशी कथा मिळाली तर वाचेन. पण मान खाली घालणाऱ्या व्हॅम्पायरची मला भीती वाटत नाही, आणि मी त्याच्याकडे घाबरायलाच जातो.