मदत हवी आहे: माचू पिचू, २३ जून, सर्किट २ चं तिकीट मिळत नाहीये

घाटमाथा:
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून थेट विचारतो. २३ जूनला पेरूमधलं माचू पिचू, डोंगरावरचं ते जुनं इंका शहर, करायचंय. आत फिरायच्या ठरलेल्या वाटांना सर्किट म्हणतात, तिकीट त्या वाटेचंच असतं. सरकारी साइटवर त्या दिवशी सर्किट २ चे सगळे स्लॉट संपलेत, २-अ पण नाही आणि २-ब पण नाही. ट्रेनचे पैसे भरून झालेत. एक एजंट म्हणतो दुप्पट पैसे द्या, मी आणून देतो. देऊ का? लवकर सांगा प्लीज, इतर सर्किटंही रोज कमी होताना दिसताहेत.

रानजाई:
एजंटला आगाऊ काही देऊ नका. तिकिटावर प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो, दारावर मूळ पासपोर्टशी ताडून बघतात. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट तिथे कागदाचा तुकडा आहे.
आता तुम्ही न लिहिलेलं विचारते. ट्रेन कुठून कुठे? खाली गावात किती वाजता पोचते? त्याच दिवशी परत येताय की मुक्काम आहे? किती जण आहात, वयं काय?

सह्यकडा:
सर्किट २ चा हट्ट सोडा, १-ब घ्या. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो फोटो, मागे उंच शिखर आणि पुढे दगडी शहर, तो वरच्या गच्चीवरून मिळतो आणि १-ब तिथेच नेतं. शहरात उतरता येत नाही एवढाच तोटा. शिवाय एकाच माणसाला दोन तिकिटं घेता येतात. सकाळी सर्किट १, बाहेर या, दुपारी सर्किट ३. एका तिकिटावर एकदाच आत सोडतात, म्हणून तिकिटं दोन हवीत आणि मधे निदान तीन तास ठेवा. हा मार्ग सर्किट २ पेक्षाही चांगला.

घाटमाथा:
ट्रेन ओयान्तायताम्बोहून, २३ ला सकाळी १० ला पोचते, संध्याकाळची परत. चौघं आहोत. मी, बायको, आई-बाबा. बाबा ६८, आई ६३. सकाळी ९ चा सर्किट ३ चा स्लॉट अजून दिसतोय, तो आत्ता घेऊन टाकू का?

रानजाई:
थांबा, घेऊ नका! ट्रेन १० ला पोचणार आणि प्रवेश ९ चा? गावातून वर जायला बस आहे, ती अर्धा तास घेते, पण जूनमध्ये बसची रांगच मोठी असते. ट्रेन पोचायची वेळ आणि प्रवेशाची वेळ यांत कमीत कमी दीड तास ठेवा, वयस्कर माणसं असतील तर दोन. म्हणजे तुम्हाला दुपारी १२ किंवा त्यानंतरचा स्लॉट हवा. खरा क्रम आधी प्रवेशाचं तिकीट, मग ट्रेन, मग हॉटेल. तुमचा उलटा झालाय, पण अजून सावरता येईल.
दुसरी वाट अशी. रोज १,००० तिकिटं ऑनलाइन न विकता खाली गावात, आग्वास कालिएन्तेसमध्ये, खिडकीवर विकतात. आदल्या दिवशी तिथे जाऊन रांगेचा क्रमांक घ्यावा लागतो, मग दिलेल्या वेळी पासपोर्ट दाखवून तिकीट. क्रमांक द्यायच्या वेळा बदलतात, त्या पोचल्याबरोबर विचारा. सोल, म्हणजे तिथलं चलन, रोख जवळ ठेवा. म्हणजे हा मार्ग धरायचा तर २२ चा मुक्काम गावातच हवा. आणि कोणतं सर्किट मिळेल ते तुमच्या हातात नाही.

पाणवठा:
६८ वर्षांच्या माणसाला सर्किट १ आणि ३ एका दिवसात करायला लावणारा सल्ला मला अजिबात पटला नाही. सर्किट १ च्या सुरुवातीलाच दगडी पायऱ्यांची सलग चढण आहे, पायऱ्या उंचसखल आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. आई-बाबांसाठी ३-ब. ते शहराच्या खालच्या भागातून जातं, चढ कमी, आणि सूर्यमंदिराचा वळणदार दगडी बुरूज जवळून दिसतो. आत स्वच्छतागृह नाही, दाराबाहेर आहे, ते आधी उरका. काठी चालते, पण ज्येष्ठांनाच आणि टोकाला रबर असेल तरच. ४० × ३५ × २० सेंटीमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही.

सह्यकडा:
मी चौघांना दोन्ही करा असं म्हटलेलं नाही. वय त्यांनी नंतर सांगितलं. मुलगा आणि सून १-ब, आई-बाबा ३-ब, यात काय चूक?

पाणवठा:
चूक ही की आई-बाबा आत एकटे पडतात. वाट एकेरी आहे, मागे फिरू देत नाहीत. आत दम लागला तर सोबत कोण?

दीपस्तंभ७:
वादात पडत नाही, पण मुख्य गोष्ट कुणी विचारलीच नाही. २० ते २३ चा कार्यक्रम काय आहे? रोज रात्री झोपायला कुठे?

घाटमाथा:
त्याचा इथे काय संबंध कळलं नाही, पण सांगतो. १९ ला रात्री लिमा. २० ला सकाळी विमानाने कुस्को, तिथेच मुक्काम. २१ ला रेनबो माउंटन, पहाटे ३ ला निघून. २२ ला आराम. २३ ला माचू पिचू, रात्री परत कुस्को. २४ शहर बघणं. २५ ला लिमा आणि परत.

दीपस्तंभ७:
संबंध असा. लिमा समुद्रकाठी आहे. कुस्को सुमारे ३,४०० मीटर. तिथल्या हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही दोन तृतीयांशच. तुम्ही दीड तासात विमानाने एवढे चढणार आणि २४ तासांच्या आत विनिकुन्का, म्हणजे तुमचा रेनबो माउंटन, ५,००० मीटरच्या वर. जाहिरातीत ५,२०० लिहितात, प्रत्यक्षात ५,०३६ आहे, पण शरीराला फरक पडत नाही. तिथे प्राणवायू निम्म्याहून जेमतेम जास्त. ६८ वर्षांच्या माणसाला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे नेऊ नका. तरुणालाही नेऊ नका.
माचू पिचू मात्र २,४३० मीटरच, कुस्कोपेक्षा जवळपास एक किलोमीटर खाली. लोक कुस्कोला मुक्काम करून खाली जातात, तिथेच घोळ होतो. क्रम उलटा करा. २० ला कुस्को विमानतळावरून बाहेर पडल्यावर गाडीने थेट ओयान्तायताम्बो, सुमारे २,८०० मीटर. वाटेत चिंचेरोला रस्ता ३,७०० च्या वर जातो, त्याची काळजी नको, तिथून नुसतं जायचंय. महत्त्वाची असते झोपायची उंची. २१ तिथेच. २२ ला दुपारच्या ट्रेनने खाली, २,०४० मीटर. मग २३ ला वर. कुस्कोला शेवटी या, तोवर शरीर तयार झालेलं असतं. रानजाईंच्या रांगेच्या क्रमांकाचा प्रश्नही यातच सुटतो.

रानजाई:
+१. ट्रेनची तारीख बदलता येते का ते तिकिटाच्या अटींत बघा. जाण्याचं एकच बदलायचंय, परतीचं तसंच राहू द्या.

निळीशाई:
एवढं जाताय तर बोलिव्हियात उयुनीचं मिठाचं वाळवंट नक्की करा. जूनमध्ये कोरडं असतं, पांढऱ्या षटकोनी भेगा दूरवर दिसतात. आरशासारखं पाणी हवं असेल तर जानेवारी ते मार्च. तीन दिवसांची जीपची सहल घ्या.

पाणवठा:
त्यांच्याकडे पाच दिवस आहेत, उयुनी ३,६५६ मीटरवर आहे आणि जीप त्याहून बरीच वर जाते. आत्ता हा विषय नको.

सह्यकडा:
उंचीचा एवढा बाऊ नको. कोकाच्या पानांचा चहा प्यायला की झालं, प्रत्येक हॉटेलात मोफत ठेवलेला असतो.

दीपस्तंभ७:
चहा प्यायला हरकत नाही, गरम पाणी पोटात जातं ते चांगलंच. पण तो उंचीवरचा उपाय नाही, भरवसा ठेवू नका. सोरोचे, म्हणजे तिथला उंचीचा त्रास, टाळायचा सिद्ध मार्ग हळू चढणं हाच आणि जोडीला असिटाझोलामाइड, आपण ज्याला डायमॉक्स म्हणतो. नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, म्हणजे तुम्हाला लिमात. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोड्याची चव बिघडते, या अपेक्षित गोष्टी आहेत. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बाबांना कुठली औषधं चालू आहेत?
डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथवर थांबा, आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा टाच-पंजा जोडून सरळ रेषेत चालता येत नसेल, तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी खाली उतरा. कुस्कोहून ओयान्तायताम्बो दोन तासांवर आहे.
आणि कोकाचा चहा किंवा गोळ्या परत आणू नका. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्यात येतं, अमेरिकेतही बंदी आहे. तुम्ही कुठून जाताय?

घाटमाथा:
अमेरिकेमार्गे. चौघांचेही अमेरिकेचे व्हिसा आहेत. बाबांना बीपीची गोळी आहे, नाव बघून सांगतो.

रानजाई:
व्हिसा किती महिने शिल्लक आहेत? अमेरिकेचा व्हिसा असला की भारतीयांना पेरूचा वेगळा लागत नाही, पण तो निदान सहा महिने वैध हवा. चौघांच्या तारखा आजच बघा.
आणि यलो फीवरची, म्हणजे पिवळ्या तापाची, लस घेतलीत का?

सह्यकडा:
कुस्को-माचू पिचूला तो धोकाच नाही. डोंगरावर तो डास नसतो. अमेरिकेची आरोग्य यंत्रणाही फक्त लिमा, कुस्को, माचू पिचू करणाऱ्यांना लस सुचवत नाही. कशाला घाबरवताय?

रानजाई:
रोगाचा धोका हा एक प्रश्न आणि भारतात परत शिरणं हा दुसरा. भारत पेरूला पूर्ण देश म्हणून पिवळ्या तापाच्या यादीत धरतो. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं कार्ड, म्हणजे लशीचा दाखला, नसेल, तर विमानतळाचे आरोग्य अधिकारी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तुम्ही २५ ला निघून थेट येताय म्हणजे नियमात बसताय. कार्ड लशीनंतर १० दिवसांनी वैध होतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे आधी तारीख घ्यावी लागते. एक डोस आयुष्यभर चालतो. कार्डावर पासपोर्टचा क्रमांक बरोबर लिहिलाय ना, ते केंद्रातून बाहेर पडायच्या आधी बघा.

पाणवठा:
एक भर. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. आई आणि बाबा दोघंही साठीच्या वर आहेत. त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय केंद्रावर नेऊ नका. डॉक्टरांनी नको म्हटलं तर परतीच्या वाटेवर दुसऱ्या देशात सहा दिवसांहून जास्त थांबून येणं हा सरळ उपाय. तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहेच.

घाटमाथा:
लशीचं अजिबात माहीत नव्हतं. उद्याच डॉक्टरांकडे जातो. मुख्य प्रश्नाचं मात्र अजून तेच, २३ ला काय घेऊ?

रानजाई:
दुपारी १२ नंतरचा ३-ब चौघांसाठी, आत्ता, ऑनलाइन. खिडकीवर अवलंबून राहू नका, ती जादाची संधी आहे. २२ ला गावात पोचल्यावर क्रमांक आणि त्यावर सर्किट १ मिळालं तर तुम्ही दोघं २३ ला सकाळी वरच्या गच्चीचा फेरा करून या आणि दुपारी आई-बाबांबरोबर ३-ब. कुणी एकटं पडत नाही, सह्यकडांचा फोटोही मिळतो.

सह्यकडा:
हे चालेल. फक्त सकाळी लवकरचा स्लॉट मिळाला तर ढग असतात, नऊच्या पुढचा मागा.

निळीशाई:
शाकाहारी असाल तर "सिन कार्ने" (मांस नको) एवढंच म्हणून भागत नाही, कार्ने म्हणजे बहुतेकांच्या लेखी लाल मांस. "सिन पोयो, सिन पेस्कादो" (कोंबडी नको, मासे नको) हेही जोडा, आणि किनोआचं सूप मागवताना "कालदो दे पोयो" (कोंबडीचं पाणी) आहे का विचारा. भाजीच्या सुपातही बहुतेकदा कोंबडीचंच पाणी असतं.

दीपस्तंभ७:
२४ चं शहर बघणंही तपासा. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी, म्हणजे इंकांचा सूर्योत्सव, असतो. आधी कोरिकांचा नावाचं सूर्यमंदिर, मग मुख्य चौक, मग साक्सायवामानचा किल्ला असा सोहळा सरकतो आणि मधले रस्ते बंद असतात. हॉटेल मिळालंय का?

घाटमाथा:
मिळालंय, मुख्य चौकाला लागूनच.
३-ब, १ वाजताचा, चौघांचा घेतला. जाण्याची ट्रेन २२ ला दुपारी करून मिळाली, फरक भरून. रेनबो माउंटन रद्द केलं, बाबांना अजून सांगितलेलं नाही. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड असं दोन्ही लिहिलंय. ही लघवीची आहे का?

दीपस्तंभ७:
हो, दुसरं नाव तेच. डायमॉक्स त्यांना स्वतःहून सुरू करू नका. ते पाकीट आणि तारीखवार मुक्कामांची यादी, उंचीसकट, उद्या डॉक्टरांकडे घेऊन जा. २३ च्या रात्री कुस्कोत हॉटेलपर्यंत टॅक्सी पोचेल, पण २५ ला विमानतळाला निघायची वेळ हॉटेलवाल्यांना विचारून ठरवा.