शब्दचर्चा: पतसंस्थेतलं 'तारण' आणि चर्चमधलं 'तारण'

शहापूरकर:
गुड फ्रायडेसाठी आमच्या बेळगावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक लहान पुस्तिका करतोय. येशूचे क्रुसावरचे सात उद्गार, प्रत्येकावर पानभर मनन, मागे कठीण शब्दांचे अर्थ. तरुण मंडळी निम्मी कन्नड माध्यमातली, निम्मी इंग्रजी. मराठी घरात फाडफाड बोलतात, पण छापील मराठी समोर आली की अडतात. शब्दार्थांचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पाप, प्रीती, तारण, खंडणी आणि विसार या पाचांवर गाडी थांबली आहे.

तारण म्हणजे काय, असं एका पोराला विचारलं. तो म्हणाला, "सोनं ठेवून पैसे उचलतात ते." चूक तरी कसं म्हणणार? चर्चला येताना वाटेत पतसंस्थेची पाटी लागते, तिच्यावर 'सोने तारण कर्ज' असं हातभर अक्षरात लिहिलंय. तर प्रश्न असा, हे दोन तारण एकच की वेगवेगळे?

कोशवेडा:
एकच. दोन्ही 'तृ' धातूचे. तरणे म्हणजे पाण्यावर राहणे, पार होणे. तारणे म्हणजे दुसऱ्याला पार नेणे, बुडू न देणे. आता पैशाच्या व्यवहारातली आपली भाषा बघा. कर्ज 'बुडतं'. पैसे 'बुडाले'. 'बुडीत खातं'. कर्ज देणाऱ्याची रक्कम बुडू नये म्हणून जी वस्तू ठेवायची ती तारण. म्हणजे पतसंस्थेतही तारणाचं काम बुडण्यापासून वाचवणं हेच आहे. फक्त तिथं वाचतो तो सावकार आणि चर्चमध्ये वाचतो तो कर्जदार. तुमच्या पोराला शंभरपैकी पन्नास द्या.

शहापूरकर:
सावकार वाचतो आणि कर्जदार वाचतो! हे तसंच उचलून घालतो, कोशवेडेसाहेब.

टिळकवाडीचा:
जरा थांबा. उपमा ताणली की तुटते. पतसंस्थेत तारण ठेवायला आधी तुमच्याकडे काहीतरी असावं लागतं. पाटल्या नाहीत, गंठण नाही, तर मॅनेजर खुर्चीसुद्धा देत नाही. ख्रिस्ती शिकवणीत नेमकं उलटं आहे. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या शेजारच्या क्रुसावरचा चोर आहे ना, त्याच्याकडे ठेवायला काय होतं? बाप्तिस्मा नाही, दानधर्म नाही, उरलेलं आयुष्यही नाही. "माझी आठवण करा" एवढंच म्हणतो आणि "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे उत्तर मिळतं. तुमच्या साताचा दुसरा उद्गार हाच. तेव्हा पोरांना सांगताना 'बुडण्यापासून वाचवणं' एवढं घ्या, गहाण ठेवण्याची बाजू सोडून द्या.

निवृत्त गुरुजी:
टिळकवाडीकर, सोडून देऊ नका. गहाण, कर्ज, फेड ही भाषा बायबलच्या आतलीच आहे, आपण वरून चिकटवलेली नाही. मराठी प्रॉटेस्टंट मंडळी प्रभूची प्रार्थना कशी म्हणतात? "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये इथं सरळ 'देणी' असाच शब्द आहे, लूकमध्ये 'पापं' आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यात 'होबा' या एकाच शब्दात कर्ज आणि पाप दोन्ही येतात, म्हणून दोघांनी दोन वाटा धरल्या.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो चाकर आठवा. राजाचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार आणि दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. झाली 6 कोटी दिवसांची मजुरी. हे देणं फिटावं म्हणून सांगितलेलं नाहीच, ते फिटणार नाही हेच ऐकणाऱ्याला कळावं. राजाने ते सोडलं आणि त्याच चाकराने बाहेर पडून शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. आमच्या भागात उसाच्या बिलाची वाट बघत सोसायटीचं कर्ज फिरवणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला लागत नाही.

खानापूरची:
आम्ही कॅथलिक, घरात कोंकणी. आमच्या प्रार्थनेत "आमचीं पातकां भोगस" असं आहे. लहानपणी मला वाटायचं, आमची पापं देवाने भोगावीत असं आपण सांगतोय की काय! मराठीत भोगणे म्हणजे सोसणे ना. कोंकणीत भोगसणें म्हणजे क्षमा करणे. आई म्हणायची, "तसंच समज, काही बिघडत नाही." तिचं व्याकरण कच्चं असेल, धर्मशास्त्र पक्कं होतं.

तारणाला आमच्यात सोडवण म्हणतात, आणि येशू तो सोडवणदार. त्यात गहाणबिहाण काही नाही, गाठ सोडवल्यासारखं सरळ आहे. शहापूरकर दादा, तुमच्या पुस्तिकेत हाही शब्द टाका की. खानापूर, नंदगडकडची पोरं लगेच ओळखतील.

शहापूरकर:
टाकतो अक्का. आणि आईंना नमस्कार सांगा.

निवृत्त गुरुजी:
अक्कांच्या आईवरून सतराव्या शतकात जावंसं वाटतं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्याने स्वर्गाला बिनधास्त 'वैकुंठ' म्हटलं. पुढे पंडिता रमाबाईंनी नेमकी उलट भूमिका घेतली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं त्यांचं बायबलचं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पुरं छापून झालं. त्यात त्यांनी साध्या बाईमाणसाला कळेल अशी मराठी धरली आणि ज्या संस्कृत शब्दांच्या पाठीवर दुसऱ्या दर्शनांचं ओझं आहे ते शक्य तिथं टाळले. दोघांचंही मला पटतं, पण पुस्तिका पोरांसाठी असेल तर रमाबाईंचा रस्ता धरा. आता खंडणीचं बघा, तिथं खरी मेख आहे.

शहापूरकर:
तेच तर, गुरुजी. येशू "आपला जीव खंडणी म्हणून" द्यायला आला, हे मार्कच्या शुभवर्तमानातलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. खंडणी म्हणजे पेपरात येते ती. व्यापाऱ्याला धमकी, खंडणीखोर गजाआड.

निवृत्त गुरुजी:
हसू देत. भाषांतर झालं तेव्हा खंडणीचा वास वेगळा होता. मराठेशाहीत जिंकलेल्याने किंवा दबलेल्याने ठरवून द्यायची रक्कम ती खंडणी. माणूस किंवा गाव सोडवायला भरलेला पैसाही खंडणीच. ग्रीकमधला 'लुत्रोन' हा गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी मोजायची किंमत. शब्द तंतोतंत बसला होता. पुढे गुंडांनी तो पळवला.

पण मागच्या बाकावरच्यांना एक प्रश्न टाका, हसू थांबेल. खंडणी दिली तर घेतली कुणी? तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने उत्तर दिलं, सैतानाला दिली, कारण माणूस त्याच्या ताब्यात होता. मग लोक म्हणू लागले, देवाने सैतानाला पैसे मोजायचे म्हणजे तो देव कसला? अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म नावाच्या आर्चबिशपने हिशेबच पालटला. देणं सैतानाचं नव्हेच, देवाचं आहे, देवाच्या मानाचं आहे, आणि ते फेडण्याची ऐपत माणसात नाही म्हणून देवच माणूस झाला. मला विचाराल तर दोघांनीही उपमेला कोर्टात उभं करून उलटतपासणी घेतली. मार्कच्या त्या वाक्यात घेणाऱ्याचं नावच नाही. आधीचं अर्धं वाक्य वाचा, तो सेवा करून घ्यायला आला नाही, करायला आला. भर देण्यावर आहे.

टिळकवाडीचा:
गुरुजी, हे मान्य. मीही गहाणाची बाजू सोडा म्हणालो होतो ती त्या 'घेणाऱ्या'मुळेच. ऋण सोडणारा राजा ठेवा, वसुली करणारा नको.

हुक्केरीचा:
मी लिंगायत, घरी कन्नड, बाजारात मराठी. चर्च माहीत नाही, पण माझ्या ख्रिस्ती मित्राच्या कन्नड बायबलात त्याच वाक्यात खंडणीच्या जागी 'ईडु' आहे. ईडु म्हणजे आमच्यात गहाण, बदली ठेवलेली वस्तू. म्हणजे तुमच्या पोराचं 'सोनं ठेवून पैसे' हे कन्नडमध्ये बरोबरच निघालं! तारणाला मात्र ते 'रक्षणे' म्हणतात.

आणि पाप शब्दाबद्दल कुणीच बोललं नाही. कन्नडमध्ये 'पाप' असं नुसतं म्हटलं की अर्थ 'बिचारा' असा होतो. "पाप, अवनिगे गोत्तिल्ल." बिचाऱ्याला माहीत नाही. तुम्ही बेळगावचे मराठी लोकही तसंच बोलता.

कॅम्पातली:
बोलतो की! पुण्याला नणंदेकडे मी म्हणाले, "पाप, किती थकलाय तो." नणंद म्हणाली, "काय पाप केलं त्यानं?"

शहापूरकर:
हुक्केरीचे अण्णा, तुम्ही माझा पहिला उद्गार सोडवलात. "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." आमच्या बोलीत, "पाप, त्यास्नी कळंना काय कराल्यात ते." खिळे मारणाऱ्यांच्या पापाकडे बघणारा तोंडाने 'पाप' म्हणतोय आणि ते आरोपासारखं निघत नाही.

कोशवेडा:
सुंदर आहे, पण अर्थ म्हणून छापू नका, मननात घ्या. शब्दार्थात पाप म्हणजे पापच. नाहीतर पोरं म्हणतील पाप ही दया येण्याजोगी चूक, विषय संपला. बायबलात प्रेषित पौलाचं "पापाचे वेतन मरण आहे" हे वाक्य तिथंच उभं आहे आणि त्यात 'बिचारा' बसत नाही. वेतन म्हणजे राबून कमावलेलं. त्याच वाक्यात पुढे 'कृपादान' येतं, ते कमावता येत नाही. ही जोडी यादीत शेजारी शेजारी ठेवा.

वारकरी निपाणी:
बाहेरून एक शंका विचारू का? आमच्या तुकोबांनी "पुण्य पर उपकार पाप ते परपीडा" असं दोन तुकड्यांत सांगून टाकलं. तुमच्यात पाप देवाविरुद्ध आधी आणि माणसाविरुद्ध नंतर असं का?

टिळकवाडीचा:
माऊली, बायबलातल्या स्तोत्र 51 मध्ये दावीद राजा तसंच म्हणतो, "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे." आणि गंमत म्हणजे त्याने उरीया नावाच्या माणसाची बायको घेतली होती आणि त्याला लढाईत पुढे घालून मारवला होता. परपीडा याहून कोणती? त्याला उरीया विसरायचा नाही. उरीयाचा मालक कोण हे त्याला उमगलंय. तरी सांगतो, आमच्याकडेही काही जण या ओळीचा आडोसा करतात. देवाशी मिटवलं, माणसाचं राहूनच गेलं. तिथं तुकोबांची ओळ त्यांच्या तोंडावर मारावी. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर म्हणायचेच की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

वारकरी निपाणी:
पूल दोन्ही बाजूंनी वापरता येतो हं. आमचे तुकोबा "न लगे मुक्ति धनसंपदा" असंही म्हणून बसलेत. संतसंग द्या, गर्भवासी घाला. तुम्हाला तारण पाहिजे, आम्हाला ते मिळालं तरी नको.

टिळकवाडीचा:
मग भांडण नाही. तारण म्हणजे नुसतं सुटून जाणं असेल तर मलाही ते अपुरं वाटतं. "माझ्याबरोबर असशील" हे त्या चोराच्या उत्तरातलं महत्त्वाचं. संगच तो.

कॅम्पातली:
प्रीतीचं काय करायचं? सून म्हणाली, "आई, प्रीती म्हणजे जुन्या सिनेमातलं गाणं वाटतंय." 'देव प्रेम आहे' लिहा म्हणते.

हुक्केरीचा:
अक्का, आमच्या कन्नडमध्ये प्रीती रोजच्या तोंडातला शब्द. आई पोरावर, पोरगा पोरीवर, कोंबडी पिल्लावर, सगळी प्रीतीच.

शहापूरकर:
म्हणजे पुण्याच्या पोराला जो शब्द पुस्तकी, तो आमच्या पोरांना शेजारणीकडून फुकट मिळालाय. प्रीती ठेवतो. "देवाने जगावर एवढी प्रीती केली" ऐकून इथं कुणी अडखळत नाही, माझी गाडी उगाच अडली होती. विसाराचं तेवढं सांगा कुणीतरी.

निवृत्त गुरुजी:
पवित्र आत्मा हा "आपल्या वतनाचा विसार" असं इफिसच्या पत्रात आहे. ग्रीकमध्ये 'अर्राबोन', व्यापाऱ्यांचा शब्द. बैल ठरला की बाजारात हातावर जी रक्कम टेकवतात तो विसार. तिच्यामुळे सौदा पक्का होतो आणि बाकी रक्कम येणार असते. पोरांना 'टोकन' म्हणा, प्लॉटच्या व्यवहारामुळे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र एक सावधगिरी. सहावा उद्गार "पूर्ण झाले आहे" याच्यावर लिहिताना, जुन्या पावत्यांवर या उद्गारातला मूळ ग्रीक शब्द 'रक्कम पोचली' म्हणून लिहीत असं प्रवचनात सर्रास सांगतात, ते घालू नका. अभ्यासकांना तो पुरावा कच्चा वाटतो. शब्दाचा साधा अर्थ शेवटास नेणे असा आहे, तो पुरेसा आहे.

शहापूरकर:
ते मी घातलं होतं, काढतो. तर यादी अशी जाते. तारण: बुडणाऱ्याला बुडू न देणे (कोंकणी सोडवण, कन्नड रक्षणे). खंडणी: दुसऱ्याला सोडवण्यासाठी दिलेली किंमत, पेपरातला अर्थ नंतरचा. विसार: टोकन. पाप आणि कृपादान शेजारी शेजारी. प्रीतीला अर्थ देत नाही.

खानापूरची:
पुस्तिकेत 'कैवारी' शब्द आला का? योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला म्हटलंय. माझ्या नातवाने विचारला परवा.

शहापूरकर:
सात उद्गारांत येत नाही अक्का. काय सांगितलंत त्याला?

खानापूरची:
शाळेत मार पडताना तुझ्या बाजूनं उभा राहतो तो. म्हणाला, "मग आमच्या वर्गात एक हाय."