बामियानचे बुद्ध पुन्हा उभे करावेत का?

लेणीवेडा
माझं मत स्पष्ट आहे: करू नयेत. अफगाणिस्तानात बामियानच्या कड्यात कोरलेल्या बुद्धमूर्ती फोडा, असं तालिबानचा प्रमुख मुल्ला उमरचं फर्मान २००१ च्या फेब्रुवारीत निघालं. आधी तोफा डागल्या. तेवढ्याने भागेना, तेव्हा स्थानिक हजारा जमातीच्या माणसांना दोरखंडाने कड्यावरून खाली सोडून त्यांच्याच हातांनी सुरुंग भरून घेतले. ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या दोन मूर्ती अशा गेल्या. त्या कोनाड्यांत आता नवी मूर्ती बसवली तर ती आपल्या काळातली असेल, आणि झालेल्या गुन्ह्याचा सगळ्यात मोठा पुरावा आपणच बुजवलेला असेल.

आडवाट
अजिबात पटलं नाही. पुरावा कुणासाठी जपायचा? त्या कड्याखाली राहणारे हजारा मुसलमान आहेत, तरी मूर्तींना सलसाल आणि शाहमामा म्हणायचे, त्यांच्या प्रेमाची गोष्ट पोरांना सांगायचे. निदान एक तरी मूर्ती उभी राहावी असं त्यांच्यातल्या कित्येकांना वाटतं. बोस्नियातल्या मोस्तारचा जुना पूल १९९३ मध्ये युद्धात पाडला गेला, २००४ मध्ये पुन्हा बांधला, आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने तो परिसर जागतिक वारसा म्हणून मान्य केला. मग बामियानलाच वेगळा न्याय का?

मातीगिलावा
पुलाचे दगड नव्याने घडवता येतात. इथे कडा ठिसूळ, गोटे आणि वाळूचा. त्यात मूर्तीचा ढोबळ आकार कोरला होता. मोठ्या मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्या लाकडी खुंट्या ठोकून, त्यांना दोर बांधून, वर काड मिसळलेल्या मातीचा गिलावा चढवून केल्या होत्या. सगळं कसब त्या गिलाव्यात, आणि स्फोटात त्याचाच चुरा झाला. २०१३ मध्ये जर्मन तज्ज्ञांनी लहान कोनाड्यात पायांसारखे खांब उभारले, ते काम युनेस्कोने थांबवलं. ते योग्यच झालं. पण मूळ तुकडे कायमचे छपराखाली पडून राहावेत, हेही मला मान्य नाही. पाकिस्तानातल्या स्वातमधल्या जहानाबादच्या बुद्धाचा चेहरा २००७ मध्ये सुरुंगाने फोडला होता. इटालियन पथकाने तो सांधला, पण जिथे आधार नव्हता तिथले बारकावे मनाने भरले नाहीत. असं काम मला हवंय.

लेणीवेडा
स्वातमध्ये चेहरा फुटला तरी मूर्ती जागेवर होती, बामियानला काय उरलंय? शिवाय इथल्या मूर्तींचा ओठांच्या वरचा चेहरा २००१ च्या कितीतरी आधीच नव्हता. उभं करायचं तर ह्युएन त्सांगने ६३० च्या सुमारास पाहिलेलं रूप, की चेहरा नसलेलं? १९६९ पासून काही वर्षं आपल्या पुरातत्त्व खात्याच्या मंडळींनी तिथे डागडुजी केली. चेहरा घडवायच्या फंदात ते पडले नाहीत. तो संयम मला मोठा वाटतो.

आडवाट
संयम ठीक, पण 'कधीच नको' हे हजारा लोकांच्या वतीने आपण कोण ठरवणार? आज तिथे पुन्हा तालिबानच आहे, आणि त्याच रिकाम्या कोनाड्यांसाठी पर्यटकांना तिकीट फाडतंय. लोकांना मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून आजच बांधा असं मी म्हणत नाही. निर्णय मात्र त्यांच्यासाठी राखून ठेवा.

मातीगिलावा
यावर सहमत. तोवर पैसा कड्यावर खर्च व्हावा. स्फोटांनी कोनाड्यांच्या भिंतींना भेगा पडल्यात. सळया आणि गिलावा भरून त्या सांधायचं काम झालंय, पण दर हिवाळ्यानंतर तपासणी लागते. आजूबाजूच्या गुहांत सातव्या शतकाच्या सुमाराची तैलरंगातली चित्रं आहेत, जगातल्या सर्वांत जुन्या तैलचित्रांपैकी. मूर्तींच्या वादात त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ती अजून वाचवता येतात.