मदत हवी आहे : चांगल्या अनुभवात थांबायला सांगितले की क्लायंट घाबरते

गोदाकाठ
मी गेली सहा वर्षे समुपदेशन करते. एका क्लायंटच्या बाबतीत मी पुरती अडले आहे आणि गुरुवारी तिचे पुढचे सत्र आहे, म्हणून कृपया लवकर आणि नेमके उत्तर द्यावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिक हॅन्सन यांची पद्धत मी वापरते. चांगला अनुभव आला की घाईने पुढे न जाता त्यात काही क्षण थांबायचे, तो शरीरात कुठे जाणवतो ते पाहायचे आणि तो आत मुरू द्यायचा, म्हणजे मनाचे बळ हळूहळू साठत जाते, असे तिचे सार आहे. इतरांना तिचा उपयोग झाला, हिच्या बाबतीत मात्र उलटेच होते. ती ब्लाउज शिवून देते. एका गिऱ्हाइकाने बाह्यांची बसणी पाहून तिचे मनापासून कौतुक केले, तो प्रसंग आम्ही निवडला. मी तिला डोळे मिटून त्या क्षणात थांबायला सांगितले. दहा-बारा सेकंदांतच तिने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले, श्वास अडकला आणि ती म्हणाली, ‘‘नको मॅडम, फार बरं वाटलं की काहीतरी होतं.’’ असे दोनदा झाले. दुसरा कोणता व्यायाम द्यावा?

सह्यकडा
व्यायाम सुचवण्याआधी काही गोष्टी समजल्या पाहिजेत. आतापर्यंत किती सत्रे झाली? ती मुळात कोणत्या तक्रारीसाठी आली? झोप आणि भूक कशी आहे, औषधे चालू आहेत का, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का? ‘काहीतरी होतं’ म्हणजे नेमके काय, हे तिला विचारले का? यांपैकी काहीही माहीत नसताना इथून उपाय सांगणे मला योग्य वाटत नाही.

रोजनिशी
तिला रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातील तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहायला सांगा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे एक आठवडा करणाऱ्यांचा आनंद सहा महिन्यांनंतरही वाढलेला आढळला होता. मी स्वतः तीन वर्षे लिहितो आहे आणि माझ्या अनुभवाने सांगतो, वहीसारखा आधार नाही.

पिंपळपान
रोजनिशी यांच्याशी मी सहमत नाही. त्या अभ्यासातील माणसे आपणहून इंटरनेटवर नाव नोंदवून आली होती. जिला चांगले वाटण्याचीच भीती आहे, तिला रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी मोजायला लावणे म्हणजे रोज रात्री तीन संकटे मोजायला लावण्यासारखे आहे.

रोजनिशी
आपण माझे म्हणणे टोकाला नेत आहात. लिहिताना भावनेत थांबावे लागत नाही, नुसती नोंद करायची असते. हीच तर वहीची सोय आहे.

मौनव्रत
या सगळ्यापेक्षा तिला इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवावे. सुख आले तरी आणि दुःख आले तरी तटस्थ राहायला माणूस तिथे शिकतो. माझी वीस वर्षांची चिंता तिथेच निवळली.

सह्यकडा
मौनव्रत, आपला अनुभव मी नाकारत नाही. परंतु डोळे मिटून बारा सेकंद बसल्यावर जिचा श्वास अडकतो, तिला दहा दिवस मौनात बसवण्याचा सल्ला देऊ नये, अशी मी कळकळीची विनंती करतो.

गोदाकाठ
मी फक्त व्यायाम विचारला होता. असो. चार सत्रे झाली आहेत. छातीत धडधड आणि अपुरी झोप अशी तक्रार आहे. हृदयाच्या तपासण्या सर्वसाधारण आल्या आहेत. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार नाहीत, ते मी पहिल्याच सत्रात विचारले. औषधांबद्दल विचारायचे राहिले. कारण तर उघडच आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी घरी पेढे वाटत असतानाच वडिलांच्या अपघाताची बातमी आली. तेव्हापासून तिची आई म्हणत असे, ‘‘फार हसू नये, मग रडायची पाळी येते.’’

पिंपळपान
ताई, हे उघड असेल तर पहिल्याच परिच्छेदात यायला हवे होते. सगळा प्रश्न इथेच आहे.

फळा_खडू
मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलांना लहानपणापासून शाबासकी दिली तर मोठेपणी असे प्रश्न येत नाहीत. आमच्या वर्गात दर शनिवारी प्रत्येक मुलाने शेजारच्या मुलाचा एक गुण सांगायचा, असा मी नेम ठेवला होता. इच्छा असल्यास त्याची माहिती देईन.

सह्यकडा
आता थोडे विस्ताराने लिहितो. तिची प्रतिक्रिया हा व्यायामातील अडथळा नसून तीच तुमची मुख्य माहिती आहे. आनंदामागून अनर्थ येतो ही समजूत अनेक संस्कृतींत आढळते. मोहसेन जोशनलू आणि डॅन वायर्स या संशोधकांनी 2014 मध्ये त्यावर सविस्तर लिहिले आहे. आपल्याकडे ‘दृष्ट लागेल’ म्हणून गोड क्षण चटकन झाकतात, तेही याच्याच जवळचे. हिच्या बाबतीत त्या समजुतीमागे पेढ्यांचा डबा हातात असतानाचा खरा दिवस आहे. म्हणून ‘तसे काही नसते’ असे सांगून ती समजूत खोडू नका. इतकी वर्षे तिने स्वतःला आणि घराला जपण्यासाठीच हा पहारा दिला आहे, हे तिला आधी मोकळेपणाने म्हणा.

दुसरी गोष्ट निवडीची आहे. सुरक्षितता, समाधान आणि जिव्हाळा या तीन गरजा हॅन्सन स्वतः वेगळ्या मांडतात आणि जखम ज्या गरजेची, अनुभवही त्याच गरजेचा घ्यावा असे सांगतात. गिऱ्हाइकाचे कौतुक समाधान देणारे आहे, पण तिची जखम सुरक्षिततेची आहे. तहानलेल्याला आपण जेवण वाढतो आहोत. कौतुक, निकाल, यश हे विषय सध्या बाजूला ठेवावेत आणि जिथे ‘या क्षणी सगळे ठीक आहे’ एवढेच जाणवते असे साधे क्षण घ्यावेत, उदाहरणार्थ रात्री दाराची कडी लावल्याचा आवाज, मशीनच्या पायट्यावर टेकलेले पाऊल, किंवा कापडावरून सरळ जाणारी टीप. डोळे उघडे असू द्या, मुदत एका श्वासाची ठेवा आणि थांबायचे कधी हे तिने ठरवावे. अनुभवात वीसेक सेकंद थांबावे असे या पद्धतीत सांगतात, पण तो आकडा हा नियम नव्हे. चांगल्या अनुभवाला जुन्या वेदनेशी जोडण्याची या पद्धतीतील चौथी पायरी हॅन्सनही ऐच्छिक मानतात. ती तुम्ही इतक्यात मुळीच घेऊ नका. औषधांबद्दल गुरुवारी विचारा आणि झोप सुधारत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.

रोजनिशी
कौतुकापेक्षा सुरक्षिततेचे क्षण घ्यावेत, हे पटले. वही मात्र नंतर केव्हातरी द्यावीच, या मतावर मी ठाम आहे.

गोदाकाठ (शुक्रवार)
सर्वांचे आभार. काल मी तिला एवढेच म्हटले की तुम्ही इतकी वर्षे पहारा देत आहात, दमला असाल. ती बराच वेळ गप्प राहिली. मग मशीनबद्दल बोलू लागली. नवी बॉबिन भरून दोरा वर ओढून घेतला आणि पहिली टीप न तुटता गेली की तिला ‘सुटल्यासारखं’ वाटते, असे ती म्हणाली. तेथे ती डोळे उघडे ठेवून दोन श्वास थांबली, तिसऱ्याला तिनेच हात वर केला आणि आम्ही थांबलो. पदर मुठीत धरला नव्हता. औषधांबद्दल विचारले तेव्हा कळले की झोपेची गोळी ती शेजारणीकडून घेऊन अधूनमधून खाते. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मंगळवारची मिळाली आहे. सह्यकडा, त्या भेटीपूर्वी मी हेच पुढे चालू ठेवू की तोपर्यंत फक्त झोपेवर बोलू?

सह्यकडा
दोन श्वासांचे चालू ठेवा, मुदत वाढवू नका. गोळीचे नाव आणि ती किती वेळा घेतली जाते हे तिच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मंगळवारी तिच्यासोबत द्या. डॉक्टरांना भेटेपर्यंत गोळी आपल्या मनाने वाढवू नये किंवा एकदम बंदही करू नये, हे तिला आजच फोन करून सांगा.