जुन्या टर्बो गाडीचा जोर वाढवावा का? निमित्त पोलो जीटी टीएसआयचे

घाटवाट (धागाकर्ता)

1.2 लिटर टीएसआय, म्हणजे टर्बोने जादा हवा दाबून भरणाऱ्या पेट्रोल इंजिनाची फोक्सवॅगन पोलो जीटी आता केवळ जुन्या बाजारातच मिळते आणि मी अलीकडे अशी एक गाडी घेतली आहे. चाकणला बनलेल्या या गाडीची मूळ ताकद 105 अश्वशक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) 175 न्यूटन मीटर आहे. तरीही दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या ओलांडताना आणखी थोडा जोर हवा होता असे वाटते. माझे मत असे आहे की ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) सौम्य रीमॅपिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला बदल, ज्याला ट्यूनर ‘स्टेज वन’ म्हणतात, हा टिकाऊपणाला धक्का न लावता ताकद वाढवण्याचा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. त्यात एकही यांत्रिक भाग बदलावा लागत नाही, टॉर्क साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो, आणि सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची 250 न्यूटन मीटरची मर्यादाही ओलांडली जात नाही. ज्यांचे मत विरुद्ध आहे त्यांनी कारणांसह लिहावे.

नटबोल्ट

कारणे देतो. तुमच्या गाडीत आज खरोखर 105 अश्वशक्ती शिल्लक आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर साचणारा कार्बन पेट्रोलने धुतला जात नाही आणि वर्षानुवर्षे तो वाढत राहतो. त्यात झिजलेले प्लग, थकलेली एखादी कॉइल किंवा क्लॅम्पजवळ चिरलेला होज (हवेची नळी) यांची भर पडली की ताकद हळूहळू कमी होते आणि चालकाला ते जाणवतही नाही. जाणवत नाही, कारण ईसीयू ही तूट झाकतो: हवा कुठेतरी गळत असेल तर तो वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) अधिक बंद ठेवतो आणि ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरवतो. अशा गाडीवर रीमॅप केला तर आधीच जादा राबणाऱ्या टर्बोवर आणखी भार पडतो, आणि मग दोष रीमॅपला द्यायचा की होजला, हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून आधी स्मोक टेस्ट (धूर भरून गळती शोधणे) आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणे) करून घ्या, योग्य प्रतीचे नवे प्लग बसवा, व्हॉल्व्ह साफ करून घ्या, आणि कंपनीने मान्य केलेल्या प्रतीचे ऑइल कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा निम्म्या अंतरावर बदला. पहिल्या मालकाने काय केले होते, ते सर्व्हिस बुकातले शिक्के पूर्णपणे सांगत नाहीत.

सुसाट

देखभाल आधी, हे मान्यच आहे. पण देखभाल आणि रीमॅप यांच्यात वैर कसले? कंपनीने हे 1.2 लिटर इंजिन युरोपात 86 आणि 105 अश्वशक्ती अशा दोन्ही रूपांत विकले आहे. कारखाना निकृष्ट पेट्रोल, कडक उन्हाळा आणि बेफिकीर मालक गृहीत धरून इंजिनात राखीव जागा ठेवतो. जो मालक 95 ऑक्टेनचे पेट्रोल भरतो आणि वेळेवर ऑइल बदलतो, त्याने त्या जागेचा थोडा उपयोग केला तर बिघडत नाही. मात्र सेन्सरला खोटा दाब दाखवणारे स्वस्त ट्यूनिंग बॉक्स कोणीही लावू नयेत, कारण ते इंजिनाला नेमके काय चालले आहे हेच कळू देत नाहीत.

चाकणकर

तुमचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. 86 चे 105 केले तेव्हा त्या राखीव जागेचा वाटा कंपनीनेच उचलला. आपल्याकडे आली ती वरचीच आवृत्ती. शिवाय दोन आवृत्त्यांतला फरक नेहमी सॉफ्टवेअरपुरता नसतो. फियाटच्या 1.3 मल्टिजेटचे 75 अश्वशक्तीचे रूप साध्या टर्बोवर चालत असे, तर 90 च्या रूपाला व्हेरिएबल जॉमेट्री (पात्यांचा कोन बदलणारा) टर्बो होता.

गिअरबॉक्सची 250 ची मर्यादाही जुन्या क्लचला तशीच लागू होईल असे समजू नका. हे कोरडे क्लच आहेत. उष्णता वाहून नेण्यासाठी त्यांच्याभोवती ऑइल नसते आणि पुण्याच्या संध्याकाळच्या कोंडीत ते रांगत राहतात. डीएसजीच्या तक्रारींवरून 2013 मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये 3,84,000 हून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, हे विसरता येत नाही. रीमॅप करायचाच असेल तर 2,000 आरपीएमच्या आसपास वाढीव टॉर्क देऊ नये. डीएसजी लवकर वरचा गिअर टाकते, आणि कमी फेऱ्यांवर जास्त दाब आला की ठिणगीआधीच मिश्रण पेटून पिस्टन फुटण्याचा धोका असतो.

नियमपुस्तक

मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतरच्या कलम 182अ मध्ये बेकायदा फेरबदलासाठी दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. केवळ सॉफ्टवेअरचा बदल त्यात मोडतो का, यावर वाद घालता येईल. पण तो अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाशी घालावा लागेल. त्यामुळे रीमॅप केल्यास विमा कंपनीला आधी लेखी कळवावे.

घाटवाट

कमी फेऱ्यांवर टॉर्क न वाढवण्याचा मुद्दा मला पटला. ओव्हरटेक करताना मला जोर 3,000 च्या वरच लागतो. स्मोक टेस्ट, प्लग आणि व्हॉल्व्हची सफाई आधी होईल, आणि टायर कडक झाले असल्यामुळे तेही बदलेन. तरीही सर्व तपासण्यांत उत्तीर्ण झालेल्या गाडीला केवळ ती जुनी आहे म्हणून रीमॅप नाकारणे मला योग्य वाटत नाही.

नटबोल्ट

मग सफाईनंतर मूळ सॉफ्टवेअरवरच लॉग (चालत्या इंजिनाच्या नोंदी) घ्या आणि इथे द्या. मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट (टर्बोचा दाब), चारही सिलिंडरचे मागे ओढलेले इग्निशन (ठिणगी किती उशिरा दिली ते) आणि इनटेक हवेचे तापमान एवढे पुरे. या गाडीचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) पाण्याने थंड होणारा असून इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे, त्यामुळे मोठा इंटरकूलर सहज लावता येत नाही. म्हणून लॉग मे महिन्यातल्या दुपारचा हवा, डिसेंबरमधल्या पहाटेचा नको.