स्टँडर्ड हेरल्डचा क्लच: मूळचाच ठेवावा की बदलावा?

डेक्कनकर: घरची १९६८ची स्टँडर्ड हेरल्ड गाडी कामाला काढली आहे. क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला गिअर करकरत पडतो. गॅरेजवाले सुचवतात, पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा ५/८ इंची मास्टर सिलिंडर काढून ३/४चा बसवा आणि त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर थेट बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत, क्लच दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगपाशी घ्या. माझ्या मते करून टाकावं. गाडी कात्रजच्या घाटात चालवायची आहे, झाकून ठेवायची नाही.

नाना पेठेतला: अजिबात नको. नुसता मास्टर बदललात तर पिस्टनचं क्षेत्रफळ १.४४ पट होतं. स्लेव्हची चाल वाढते, पण पेडलही तेवढंच जड होतं. कर्वे रोडच्या गर्दीत पोटऱ्या भरून येतील. आणि आतला स्लेव्ह गळला तर? हेरल्डचा गिअरबॉक्स केबिनमधून काढावा लागतो. एका रबरी सीलसाठी सीट, मधलं कव्हर, प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा), सगळं सोडायचं. मूळ स्लेव्ह गिअरबॉक्सला हात न लावता निघतो.

त्याआधी पेडल आणि पुशरॉड (मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा) जोडणारी पिन काढून बघा. नखाला अडेल अशी खाच पडलेली असते आणि पेडलचं भोक लंबगोल झालेलं असतं. तेल दाबलं जाण्याआधीच पेडलची बरीचशी चाल तिथे वाया जाते. भोक वेल्डिंगने भरून नव्याने पाडा, नवी पिन घाला.

औंधवासी: पिनचं मान्य. पण सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे असतील तर नवं सील टिकणार नाही. जुन्या स्टॉकमधले सिलिंडरही वर्षानुवर्षं पडून सील कडक झालेले असतात. आज सहज मिळणारा भाग बसवला तर गाडी रस्त्यावर राहते, आणि माझ्या लेखी तीच खरी जपणूक. ‘व्हिंटेज’ (पन्नास वर्षांहून जुनी गाडी) नोंदणीची धास्तीही नको. २०२१च्या नियमांत चासी, बॉडी आणि इंजिनातले मोठे बदल चालत नाहीत. क्लचच्या सिलिंडरचा त्यात उल्लेख नाही.

नाना पेठेतला: नियमात बसतं म्हणून करायचं का? भोसरीत चांगल्या लेथवाल्याकडून सिलिंडरला आतून स्टेनलेसची स्लीव्ह (पातळ नळी) घालून घ्या, आतला व्यास मूळचाच ठेवा. सिलिंडर पुन्हा गंजणार नाही आणि नेहमीचंच सील बसेल. डॉट ४ हे ब्रेक-क्लचचं तेल हवेतली ओल ओढतं, तेव्हा दर दोन वर्षांनी बदला.

डेक्कनकर: पिन काढली, खाच आहेच. स्लीव्हही पटली, मास्टर ५/८चाच ठेवतो. पण स्लेव्हकडची रबरी होज (तेलाची लवचिक नळी) मात्र स्टीलच्या जाळीची घेणार. त्यावर तडजोड नाही.

नाना पेठेतला: घ्या, फक्त एक्झॉस्टपासून लांब बांधा.